कार्डातून उतरवताना झळाळणारा फोटो पुढच्याच क्षणी फिका का पडतो?

उदगीरच्या एका तरुण फोटोग्राफरने विचारलेला प्रश्न आधी त्याच्याच शब्दांत देतो: "दादा, कार्ड लावलं की लाइटरूममध्ये फोटो भारी दिसायलेत. एखादा उघडला की एक-दोन सेकंद तसाच राहायलाय आणि मग आपोआप फिका पडायलाय. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर तर अजूनच भारी होता. सॉफ्टवेअर फोटो खराब करायलंय का? मग रॉ काढायचं तरी कशाला?" लाइटरूम म्हणजे फोटोवर काम करायचं अ‍ॅडोबी कंपनीचं सॉफ्टवेअर, आणि रॉ म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरने मोजलेला उजेड जसाच्या तसा ठेवणारी फाइल. सोबत त्याने दोन स्क्रीनशॉट पाठवलेत. एकात नवरदेवाचा फेटा लखलखीत केशरी, दुसऱ्यात तोच फेटा विटकरी.

मी अंबाजोगाईला स्टुडिओ चालवतो. रोल धुऊन आणायच्या काळापासून या धंद्यात आहे. डिजिटलवर आल्यावर हाच प्रश्न मलाही पडला होता. विचारायला कुणी नव्हतं, म्हणून वैतागून मी सहा महिने रॉ बंद ठेवून जेपेगवरच लग्नं काढली. ते सहा महिने अजून डोक्यात आहेत, म्हणून उत्तर जरा लांबण लावून देतोय.

सॉफ्टवेअर तुझा फोटो खराब करत नाहीये. पहिली दोन सेकंदं तू जे बघितलंस तो रॉ नव्हताच. तो कॅमेऱ्याने स्वतः बनवलेला जेपेग होता. जवळपास प्रत्येक रॉ फाइलच्या पोटात असा एक जेपेग असतो, बऱ्याच कॅमेऱ्यांत तर पूर्ण आकाराचा. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर दिसतो तो हाच. लाइटरूम वेळ वाचवायला आधी तोच दाखवतं, मागे स्वतःचं गणित करत बसतं, आणि गणित झालं की त्याच्या जागी आपलं चित्र ठेवतं. म्हणजे एकाच मोजमापावरून दोन वेगळ्या कारागिरांनी काढलेली ही दोन चित्रं आहेत.

पटत नसेल तर आज रात्रीच करून बघ. कॅमेऱ्यात पिक्चर स्टाइल किंवा पिक्चर कंट्रोल (फोटोच्या रंगाची धाटणी निवडायची सेटिंग) मोनोक्रोमवर ठेव आणि रॉमध्ये घरातल्याच कशाचा तरी फोटो काढ. स्क्रीनवर काळा-पांढरा दिसेल. लाइटरूमची सेटिंग कधी बदलली नसशील तर तिथेही आधी काळा-पांढरा येईल आणि तुझ्या डोळ्यांदेखत रंगीत होईल. काळा-पांढरा तो पोटातला जेपेग आणि रंगीत तो आकड्यांवरून नव्याने केलेला. मला हे एका जुन्या जाणत्याने असंच करून दाखवलं होतं. त्यानंतर मला तरी वेगळं समजवावं लागलं नाही.

आता आकडे म्हणजे काय, ते बघू. रॉला बरेच जण कच्चा माल म्हणतात आणि ज्वारी-भाकरीचा दाखला देतात. मला तो पटत नाही. भाकरी थापली की ज्वारी संपते, आणि एका पिठाची भाकरी एकदाच होते. रॉ मात्र शंभर वेळा वापरला तरी जसाच्या तसा राहतो. मला तो जमिनीच्या मोजणीच्या नोंदीसारखा वाटतो. साखळी टाकून घेतलेले आकडे वहीत आहेत, नकाशा अजून काढायचाय. नकाशा कुणी कसा काढला यावर वहीतले आकडे बदलत नाहीत.

या वहीत रंग नसतो, हे पहिल्यांदा ऐकलं की कुणालाही खोटं वाटतं. सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलला फक्त उजेड किती पडला एवढंच कळतं. रंग कळावा म्हणून प्रत्येक पिक्सेलवर एकेक रंगीत चष्मा बसवलेला असतो, लाल, हिरवा किंवा निळा. चारच्या चौकोनात एक लाल, दोन हिरवे, एक निळा. कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांच्या नावावर १९७६ साली याचं पेटंट झालं आणि आजही बहुतेक कॅमेरे हीच मांडणी वापरतात. हिरवे दोन कशाला? आपला डोळा बारकावा टिपतो तो मुख्यतः हिरव्याच्या आसपासच्या उजेडावर, म्हणून. तेव्हा तुझ्या २४ मेगापिक्सेलच्या फोटोत २ कोटी ४० लाख पिक्सेल असले तरी प्रत्येकाकडे तीनपैकी एकाच रंगाचा आकडा आहे. उरलेले दोन कुणीतरी अंदाजाने भरायचे आहेत. प्रत्येक आकडा १४ बिटचा धरला तर सगळे मिळून ४२ एमबी होतात. कॅमेरा ते दाबून बसवतो म्हणून कार्डावर फाइल त्याहून लहान दिसते. तीच फाइल उघडून प्रत्येक पिक्सेलला तिन्ही रंग दिले आणि १६ बिटमध्ये मांडले की मेमरीत १४४ एमबी. आठ जीबी रॅमचा लॅपटॉप लग्नसराईत घामाघूम का होतो, ते यात आलं.

एक चौकोन हातात धरून पूर्ण रस्ता चालू. समज, सकाळी साडेदहाच्या उन्हात मंडपाबाहेर खुर्चीवर बसलेले आजोबा आहेत आणि त्यांच्या पांढऱ्या धोतराची एक घडी आहे. त्या घडीवरच्या चार पिक्सेलचे आकडे असे आले: लाल २७१२, हिरवे दोन्ही ४९१२, निळा ३३१२. १४ बिट म्हणजे शून्यापासून १६३८३ पर्यंत जागा. आकडे मी हिशोबाला सोपे जावेत असे घेतलेत, पण प्रमाण साधारण खऱ्या कॅमेऱ्यासारखंच आहे.

पहिलं काम काळं ठरवणं. लेन्सवर झाकण ठेवून फोटो काढला तरी सेन्सर शून्य देत नाही, मुद्दाम थोडा वरचा आकडा देतो. काही कॅमेऱ्यांत हा पाया ५१२ असतो, काहींत २०४८, काहींत आणखी वेगळा. इथे ५१२ धरू. वजा केले की लाल २२००, हिरवा ४४००, निळा २८००. हे चुकलं तर सावल्या जांभळट किंवा धुरकट होतात. बाजारात नव्याने आलेला कॅमेरा जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत नाही, त्यालाही असंच काहीतरी कारण असतं. ही वही कशी लिहिलीय आणि तिचा पाया कुठे आहे, हेच त्याला ठाऊक नसतं. अशा वेळी अ‍ॅडोबीचं फुकटचं डीएनजी कन्व्हर्टर वापरावं. डीएनजी हा मोकळा रॉ प्रकार त्यांनी २००४ साली काढला. त्याच्याही आधी, १९९७ पासून, डेव्ह कॉफिन नावाच्या एका माणसाने डीसीरॉ हा छोटा प्रोग्राम लिहून एकेका कॅमेऱ्याची गुप्त लिपी उलगडली होती. पुढच्या कितीतरी सॉफ्टवेअरनी त्याच्या खांद्यावर बसून काम केलं.

दुसरं काम व्हाइट बॅलन्स. २२००, ४४००, २८०० हे आकडे असेच पडद्यावर टाकले तर आजोबांचं धोतर शेवाळासारखं हिरवं दिसेल. हा सेन्सरचा दोष नाही. हिरवा चष्मा जास्त उजेड आत सोडतो, एवढंच. उन्हातल्या उजेडासाठी सॉफ्टवेअर लालला २ ने गुणतं, निळ्याला साधारण १.५७ ने, हिरवा तसाच ठेवतं. झाले तिन्ही ४४००. धोतर पांढरं. व्हाइट बॅलन्सचा स्लायडर मागे एवढंच करतो, दोन गुणाकार. रॉमध्ये तो नंतर बदलता येतो, त्यात जादू काही नाही, कारण गुणाकार अजून झालेलाच नसतो. जेपेगमध्ये तो होऊन, वर आणखी दहा क्रिया होऊन, आठ बिटांत कोंबलेला असतो.

याच गुणाकारात एक गोम आहे. जुन्या पिवळ्या बल्बच्या उजेडात निळं मुळातच कमी असतं. मग निळ्याला अडीच-तीनने गुणावं लागतं आणि त्याच्यासोबत निळ्यातली किरकिरही (खोटे खरखरीत ठिपके, म्हणजे नॉइज) अडीच-तीन पट होते. आमच्याकडे वाड्यातल्या माजघरात, नुसत्या बल्बवर काढलेल्या हळदीच्या फोटोंत काळ्या केसांत निळे डाग दिसतात ते यामुळे. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) तोच ठेवून दिवसा काढलेल्या फोटोत ते नसतात.

तिसरं काम म्हणजे उरलेले दोन रंग भरणं. याला डीमोझेक म्हणतात. माझ्या मते रॉच्या सगळ्या प्रवासात खरी कारागिरी इथेच आहे, आणि आपल्याला याचा एकही स्लायडर लाइटरूममध्ये दिसत नाही. लाल चष्म्याच्या पिक्सेलला हिरवा किती, ते कसं ठरवणार? सोपी रीत म्हणजे शेजारच्या चार हिरव्यांची सरासरी. घडीच्या मधोमध ते चालून जातं. पण धोतराचा काठ जिथे संपतो आणि मागची काळी खुर्ची सुरू होते, तिथे दोन शेजारी पांढऱ्यावर आणि दोन काळ्यावर पडतात. सरासरी घेतली की ना इकडचा ना तिकडचा असा आकडा येतो आणि काठावर रंगीत झालर उमटते. म्हणून शहाणी सॉफ्टवेअर आधी काठ कुठल्या दिशेने जातोय ते हुडकतात आणि काठाच्या बाजूबाजूनेच अंदाज बांधतात, काठ ओलांडून नाही. रॉथेरपी आणि डार्कटेबल या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये ही रीत तुला निवडता येते, अमेझ, व्हीएनजी वगैरे नावं दिसतील. फुजीच्या एक्स-ट्रान्स सेन्सरची मांडणी सहा बाय सहाची आहे, तिला वेगळीच रीत लागते. त्यामुळे एकाच फुजी फाइलमधलं झाडाचं पान दोन सॉफ्टवेअरमध्ये वेगळं दिसू शकतं.

मराठवाड्यात लग्नं काढणाऱ्याला हा डीमोझेक पैठणीवर भेटतो. नवरीच्या पदराची बारीक वीण आणि जरीची उभी-आडवी घडण पिक्सेलच्या मांडणीच्या जवळपास आली की पदरावर हिरव्या-जांभळ्या लाटा उठतात, कापडावर तेल सांडल्यासारख्या. त्या कापडात नसतात. वीण सेन्सरच्या जाळीपेक्षा बारीक झाली आणि सॉफ्टवेअरचा अंदाज फसला, म्हणून त्या येतात. हिमरू शालीवरही मी हे पाहिलंय. लाइटरूमच्या ब्रशमध्ये मॉरे नावाचा स्लायडर आहे, तो पदरावर फिरवला की रंग बराच निघतो, पण काळे-पांढरे पट्टे मागे राहू शकतात. खरा उपाय जागेवरच आहे. एक पाऊल मागे किंवा पुढे हो आणि पाच-सहा फोटो थोड्या-थोड्या कोनांतून घे. त्यातल्या एखाद्यात तरी लाट बसते.

एक आडवी गोष्ट यात मिसळू नकोस. पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो, म्हणून ती धूपछाव दिसते. एका फोटोत जांभळी, दुसऱ्यात हिरवट. नवऱ्या मुलीच्या आईने अल्बम बघून "साडीचा रंग बदललाय" म्हटलं तर सगळा दोष कॅमेऱ्याला देऊ नकोस आणि स्वतःच्या एडिटिंगलाही नको. साडी हातात घेऊन उजेडात फिरवून दाखव.

धोतराकडे परत. चौथं काम रंगांचं भाषांतर. तुझ्या सेन्सरचा लाल हा त्याच्या चष्म्याचा लाल आहे. पडद्याचा लाल वेगळा आणि माणसाच्या डोळ्याचा आणखी वेगळा. त्यासाठी प्रत्येक कॅमेरा मॉडेलचा तीन बाय तीनचा तक्ता असतो. तीन आकडे आत टाकले की तीन नवे बाहेर येतात. डीएनजीमध्ये साधारणपणे असे दोन तक्ते असतात, एक पिवळ्या दिव्याच्या उजेडाचा आणि एक दिवसाच्या उजेडाचा. व्हाइट बॅलन्स मध्ये कुठेतरी असेल तर सॉफ्टवेअर दोघांच्या मधला तक्ता तयार करतं. धोतर पांढरं असल्याने या पायरीवर ते फारसं हलत नाही. फेटा मात्र इथेच हलतो.

पाचवं काम उजळणं. आपले ४४०० हे पूर्ण पांढऱ्याच्या, म्हणजे पाया वजा जाता १५८७१ च्या, सुमारे २८ टक्के आहेत. सरळ पडद्याच्या ० ते २५५ मध्ये बसवले तर ७१ येतो. आजोबांचं धोतर कोळशासारखं. कारण सेन्सर सरळ मोजतो, उजेड दुप्पट तर आकडा दुप्पट. डोळा तसा मोजत नाही. म्हणून त्यावर गॅमाची, म्हणजे गडद आकडे जास्त वर उचलणारी, वक्ररेषा चढते आणि ७१ चा सुमारे १४४ होतो. इथपर्यंतची रीत ठरलेली, गणिती आहे. इतकंच करून थांबलं तर फोटो दिसतो, पण मेलेला दिसतो. पडद्यावर उन्हाची चमक मुळातच नसते. ती भासवायला गडद आणखी गडद आणि उजळ आणखी उजळ करावं लागतं, लालात थोडा जीव ओतावा लागतो, त्वचेचा पिवळेपणा आवरावा लागतो. हे सहावं काम. याला प्रोफाइल म्हणतात आणि तुझ्या प्रश्नाचा जीव इथे आहे.

हे सहावं काम कॅमेरा कंपनी तिच्या चवीने करते आणि अ‍ॅडोबी त्यांच्या. कॅनन, निकॉन, सोनी आपापल्या जेपेगसाठी स्टँडर्ड, पोर्ट्रेट, लँडस्केप असे मसाले आत ठेवतात. अ‍ॅडोबी ते जसेच्या तसे वापरत नाही. २०१८ पासून त्यांचं मूळ प्रोफाइल अ‍ॅडोबी कलर आहे आणि ते मुद्दाम सौम्य ठेवलेलं आहे. कॅननचा केशरी फेटा त्यांच्या हातात विटकरी होतो, यात बरोबर-चूक काही नाही. पण तुला कॅमेऱ्याचाच रंग हवा असेल तर लाइटरूमच्या डेव्हलप विभागात वरच प्रोफाइल ब्राउझर आहे, त्यात कॅमेरा मॅचिंग या गटात कॅमेरा स्टँडर्ड, कॅमेरा पोर्ट्रेट अशी नावं मिळतील. दरवेळी निवडायचा कंटाळा असेल तर प्रेफरन्सेसमध्ये प्रिसेट्सच्या खाली रॉ डिफॉल्ट आहे. तिथे अ‍ॅडोबी डिफॉल्टच्या जागी कॅमेरा सेटिंग्ज कर. नवीन उतरवलेले फोटो तुझ्या कॅमेऱ्याच्या स्टाइलला धरून उघडतील. आधीचे उतरवलेले तसेच राहतील, ते रिसेट करावे लागतात. तंतोतंत कॅमेऱ्यासारखं हवं असेल तर कंपनीचंच फुकटचं सॉफ्टवेअर वापर, कॅननचं डीपीपी किंवा निकॉनचं एनएक्स स्टुडिओ. चालायला जड आहेत, पण मसाला घरचा असतो.

फिकेपणाबरोबर फोटो अंधारलेला वाटत असेल तर कॅमेऱ्याचा मेनू तपास. निकॉनमध्ये अ‍ॅक्टिव्ह डी-लायटिंग चालू असेल तर कॅमेरा उजळ भाग वाचवायला एक्सपोजर (आत घ्यायचा उजेड) थोडं दाबू शकतो आणि सावल्या जेपेगमध्ये उचलून देतो. दाबलेलं एक्सपोजर रॉमध्ये उतरतं. उचलण्याची कृती मात्र दुसरं सॉफ्टवेअर तशीच करत नाही. कॅननचं ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर जेपेगच उजळतं, रॉ आहे तसाच. रॉवर काम करणाऱ्याने हे दोन्ही बंद ठेवावं, म्हणजे स्क्रीनवर दिसतं आणि घरी मिळतं यांत अंतर कमी पडतं.

यापुढचं तू विचारलं नाहीस, पण याशिवाय उत्तर अर्धवट राहील. रॉमध्ये काय परत आणता येतं आणि काय नाही? व्हाइट बॅलन्स, प्रोफाइल, वक्ररेषा हे सगळं नंतरचं, म्हणून तुझ्या हातात आहे. एक गोष्ट नाही. सेन्सरची बादली भरून वाहिली की आकडा १६३८३ ला अडकतो. त्यापुढे किती उजेड होता, ते वहीत लिहिलंच गेलेलं नाही. वेरूळच्या १६ नंबरच्या कैलास लेण्यात भर दुपारी उभा राहा. खाली अंगणात काळ्या बेसॉल्टची गार सावली, वर चौकोनी आभाळ आग ओकतंय. अंगणातल्या दगडी हत्तीसाठी एक्सपोजर लावलंस की आभाळात तिन्ही रंग बादलीच्या काठाला लागतात. आता मघाचा गुणाकार आठव. अडकलेल्या लालला २ ने गुणलं, निळ्याला १.५७ ने, हिरवा एकटा जागेवर. आभाळ गुलाबी होतं. सॉफ्टवेअर असा भाग ओळखून तिन्ही आकडे एका पातळीवर कापतं, म्हणून आपल्याला पांढरं दिसतं. कधी ओळखण्यात चूक झाली की सूर्याभोवती गुलाबी कडं दिसतं, ते हेच. एखाद-दुसराच रंग अडकला असेल तर उरलेल्यावरून अंदाज बांधून तपशील उभा करता येतो. हायलाइट स्लायडर डावीकडे ओढल्यावर ढग परत येतात ते असे. तिन्ही गेले असतील तर कितीही ओढ, राखाडी ठिगळ येईल, ढग येणार नाही.

इथे कॅमेऱ्याचा हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, फसवतो. तो रॉवरून काढलेला नसतो, त्याच पोटातल्या जेपेगवरून काढलेला असतो. त्यामुळे तो "फुटलं" म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा रॉमध्ये थोडी जागा शिल्लक असते. पण उलटंही होतं, आणि ते जास्त घातक आहे. हल्ली स्टेजवर जांभळे-निळे एलईडी पार दिवे लावायची फॅशन आलीय. त्या उजेडात लाल-हिरवं जवळपास नसतंच, सगळा मार निळ्या पिक्सेलवर. पांढरा सरासरी हिस्टोग्राम मधोमध शांत बसलेला दिसतो आणि निळा एकटा काठाला जाऊन फुटलेला असतो. त्यात हा निळा इतका शुद्ध की रंगांच्या तक्त्यातून गेल्यावर बाकीचे आकडे शून्याच्याही खाली जातात. नवरदेवाच्या गालावर मग शाई सांडल्यासारखा सपाट डाग येतो, ना नाक कळतं ना दाढी. मेनूत आरजीबी हिस्टोग्राम चालू कर आणि अशा स्टेजवर एक स्टॉप खाली, म्हणजे निम्म्या उजेडावर, काढ. घरी आल्यावर प्रोफाइल अ‍ॅडोबी न्यूट्रल कर आणि खाली कॅलिब्रेशनमध्ये ब्लू प्रायमरीचं सॅच्युरेशन चांगलं खाली आण. डागात चेहरा उमटायला लागतो. ब्लू फुटलाच असेल तर काळा-पांढरा कर आणि अल्बमला "कलात्मक" म्हणून लाव. मी लावलेत.

"मग सगळेच फोटो अंधारे काढून घरी उचलू" असं म्हणशील, तर तेही नको. वरच्या एका स्टॉपमध्ये १४ बिटपैकी ८१९२ पायऱ्या असतात, त्याखालच्यात ४०९६, मग २०४८. आठव्या स्टॉपपर्यंत उतरलं की ६४ उरतात. पायऱ्यांची भीती बरेच जण घालतात. माझ्या अनुभवात पायऱ्या संपण्याआधी किरकिर त्रास देते. एका पिक्सेलमध्ये दहा हजार उजेडकण पडले तर त्यात शंभराची चढउतार निसर्गतःच असते, म्हणजे एक टक्का. शंभरच पडले तर दहाची, म्हणजे दहा टक्के. अंधार उचलताना हीच चढउतार उचलली जाते. अजिंठ्यात फ्लॅश चालत नाही, उजेड मोजका, तिथे आयएसओ वाढवण्यावाचून मार्ग नाही. तिथे मी आयएसओ ६४०० ला नीट उजळ काढतो. ८०० ला अंधारा काढून घरी तीन स्टॉप उचलला तर बऱ्याच कॅमेऱ्यांत भिंत जास्त खरखरीत होते. २०२३ साली आलेलं लाइटरूमचं एआय डीनॉइज अशा फाइलींवर जबरदस्त आहे, कारण ते रंग भरायचं काम आणि किरकिर काढायचं काम एकत्रच करतं. पण चित्रातला झिजलेला रंग आणि किरकिर यात त्याची कधी गफलत होते, म्हणून लेण्यांच्या फोटोंवर मी ते निम्म्यावरच ठेवतो.

शार्पनिंगचं थोडक्यात. रंग भरताना सरासऱ्या निघतात, त्यात फोटो किंचित मऊ होतो. म्हणून लाइटरूम रॉला न विचारता शार्पनिंग ४० आणि कलर नॉइज २५ लावतं, जेपेगला शून्य. स्लायडर कुठला आधी ओढायचा, यानेही फरक पडत नाही. आतला क्रम ठरलेला आहे, तू उलटसुलट ओढलंस तरी गणित त्याच क्रमाने होतं. डार्कटेबलमध्ये मात्र तो क्रम हलवता येतो. तिकडे गेलास तर सुरुवातीला त्याला हात लावू नकोस.

राहिला प्रश्न मूळ फाइल खराब होण्याचा. स्लायडर ओढल्यावर रॉमधला एकही पिक्सेल बदलत नाही. "एक्सपोजर अधिक अर्धा, शॅडो अधिक ३०" अशी कृती फक्त लिहून ठेवली जाते आणि दरवेळी आकड्यांवर नव्याने चालवली जाते. ती कुठे लिहितात, हे मला नुकसान करून कळलं. एका सीझनला कॉम्प्युटर रांगायला लागला म्हणून दुरुस्तीला दिला आणि सांगितलं, "फोटो डी ड्राइव्हला आहेत, सी उडवला तरी चालेल." त्याने सी उडवला. लाइटरूमचा कॅटलॉग, म्हणजे या सगळ्या कृतींची नोंदवही, सी ड्राइव्हच्या पिक्चर्स फोल्डरमध्ये होता. तीन लग्नांचे रॉ शाबूत, एकही फाइल गेली नाही, आणि सगळे नव्याने उघडले ते तुझ्या त्या दुसऱ्या स्क्रीनशॉटसारखे, फिके. आठवडाभर रात्री जागून ते पुन्हा केले. तू आजच कॅटलॉग सेटिंग्जमध्ये मेटाडेटाखाली एक्सएमपीमध्ये आपोआप लिहायचा चौकोन टिकमार्क कर. प्रत्येक रॉशेजारी काही केबीची एक्सएमपी फाइल तयार होईल, कृती तिच्यात. बॅकअप घेताना ती मागे सोडू नकोस. आणि कॅटलॉगचीही एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेव.

एक्सपोर्ट करताना रंगासाठी एसआरजीबी, म्हणजे पडद्यांचा नेहमीचा रंगपट, हाच ठेव. आत लाइटरूम प्रोफोटोसारख्या विशाल रंगपटात काम करतं. तीच फाइल तशीच अल्बमच्या लॅबला दिली आणि त्यांच्या सॉफ्टवेअरने फाइलमधली रंगपटाची नोंद वाचली नाही, तर पुन्हा फिकं. त्या फिकेपणाचा रॉशी काही संबंध नसतो.

तुझ्या फेट्याबद्दल. कॅमेरा स्टँडर्ड लावून बघ, बहुतेक केशरी परत येईल. नाही आला तर लाल चॅनल खरंच फुटलाय की नुसता दाबल्यासारखा दिसतोय, ते बघावं लागेल. त्यासाठी मूळ रॉ फाइल पाठव. स्क्रीनशॉट पाठवू नकोस, त्यात वहीतले आकडे नसतात.